कुणाला विचारून?

चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आदल्या दिवशी आमच्या गोव्यातल्या डिचोलीकडच्या मूळ घरात आम्ही बायका राजांगणाच्या, म्हणजे मधल्या चौकाच्या, कडेला वसरीत नेवऱ्या (करंज्या) करायला बसलो होतो. बाहेर पाऊस धरलेला. पागोळ्या चौकात पडत होत्या आणि ओल्या दगडांचा, भाजलेल्या तिळांचा, माटोळीसाठी, म्हणजे गणपतीच्या वर बांधायच्या फळांच्या चौकटीसाठी, आणून ठेवलेल्या चिबडाचा मिळून एक वास घरभर भरला होता. कांगलां, आंबाडे, सुपारीचे कातरे सुपात पसरलेले. काकी तिच्या लग्नातली एक हकिकत रंगवून सांगत होती, बायका-बायकांतच सांगावी अशी. गुडघ्याला तेल चोळलेलं, म्हणून साडी वर ओढून पाय लांब केलेले, हसण्याच्या भरात पदर कधीच खांद्यावरून उतरलेला. माई उठली आणि पिठाची परात उचलायला वाकली. तेवढ्यात वरून, खांबाच्या टोकाकडून एका पुरुषाचा आवाज आला, "माई, ती परात उखलूं नाका, जड आसा!" सगळ्यांचे हात जागच्या जागी थांबले. काकीनं झटकन साडी पायांवर ओढली, पदर सावरला आणि वर बघत म्हणाली, "हो खंयच्यान उलयता?" हा बोलतो कुठून?

आवाज सुहासचा होता. माझा चुलतभाऊ, माईचा एकुलता मुलगा, अबुधाबीत नोकरीला. खांबावर मुठीएवढा पांढरा कॅमेरा बसवलेला होता आणि त्यात बोलायचीही सोय होती. तिकडून तो आम्हाला बघत होता, आमचं ऐकत होता. किती वेळ, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. माई कौतुकानं हसली, "बघतो हो तो अधूनमधून." नेवऱ्या पुढे झाल्या. काकीची हकिकत मात्र अर्धीच राहिली, ती तिनं पुन्हा धरली नाही. वाईट असं काहीच घडलं नव्हतं. तरी घरी परतताना, आणि नंतर कितीतरी दिवस, तो साडी ओढून घेणारा हात माझ्या डोळ्यांपुढून हलेना.

सुहासची बाजू आधी सांगायला हवी, कारण ती खरी आहे. मागच्या पावसाळ्यात माई न्हाणीच्या उंबऱ्याशी घसरून पडली. काकी कुळागरात, पोफळीच्या बागेत गेलेली. हाक मारून मारून माईचा घसा बसला, पण पावसाच्या आवाजात ती कुणाला ऐकू गेली नाही. सुहासला हे कळलं तेव्हा तो फोनवर लहान मुलासारखा रडला. सुट्टी मिळेना. मग ओळखीच्या एका मुलाकरवी त्यानं कॅमेरे बसवून घेतले, एक न्हाणीच्या वाटेवर, एक राजांगणात. रात्री जाग आली की तो तिकडे फोन उघडतो आणि माईच्या खोलीचं दार लोटलेलं दिसलं की पुन्हा झोपतो. गोव्यातल्या कितीतरी घरांची आज हीच कथा आहे. मुलं आखातात, लिस्बनला, लंडनला. घरात दोन म्हाताऱ्या आणि एक कुत्रा. त्या मुलांच्या काळजीला नावं ठेवण्याचा अधिकार मला नाही, आणि तशी इच्छाही नाही.

पण राजांगण एकट्या माईचं नाही. घराची वाटणी झालेली नाही, इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांतल्या वाटणीचं प्रकरण, न्यायालयात रखडली आहे. माई पूर्वेच्या खोल्यांत राहते, काकी पश्चिमेच्या, आणि मधला चौक दोघींचा. काकीचं सगळं आयुष्य त्या चौकात उघड्यावर गेलेलं. दुपारी ती तिथल्या गार जमिनीवर पोलक्याची बटणं सैल करून आडवी होई. संध्याकाळी दिवा लावून झाला की काकांच्या तसबिरीसमोर बसून दिवसभराचं सगळं त्यांना मोठ्यानं सांगे, कधी कडाकडा भांडेही. हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं आणि आम्ही कुणीच ते ऐकायला थांबत नसू. चवथीनंतर गेले, तेव्हा तसबीर तिच्या आतल्या काळोख्या खोलीत गेलेली दिसली. दुपारची झोपही तिथेच, पंख्याखाली. कारण विचारलं तर म्हणाली, "बाहेर वारा लागतो." त्या चौकात वारा लागतो हे तिला इतक्या वर्षांनी जाणवलं असेल, असं मला वाटत नाही. त्यातच नेवऱ्यांच्या त्या दिवसाची एक चित्रफीत घरच्या व्हॉट्सॲप गटावर आली. सुहासनं प्रेमानंच पाठवलेली, 'आमची चवथ' म्हणून. तिथून ती एका भाचीच्या स्टेटसवर गेली, खाली संगीत घालून. तीत काकीचे तेल लावलेले पाय आहेत, उतरलेला पदर आहे, आणि हसताना उघडलेलं तिचं दात पडलेलं तोंड आहे. भाचीला सांगितल्यावर तिनं ती लगेच काढली. पण तोवर ती आमच्या गावात, म्हापशाला आणि सासष्टीतल्या सोयऱ्यांकडेही बघून झाली होती.

काकीला कुणी विचारलंच नव्हतं.

मी वकील नाही. पण निवृत्तीपर्यंत न्यायालयात कारकुनी केली, आणि निकालपत्रांच्या थप्प्या लावता लावता काही निकाल वाचून काढले ते डोक्यात राहिले. खरकसिंगचा निकाल त्यातला एक. उत्तर प्रदेशातला हा माणूस. १९४१ साली दरोड्याच्या आरोपावरून पकडला गेला आणि पुरावा नाही म्हणून सुटला. पण पोलिसांनी त्याच्या नावाची नोंदवही उघडून ठेवली ती ठेवलीच. रात्री-बेरात्री शिपाई दाराशी यायचे, हाका मारून उठवायचे, घरात आहे ना हे बघून जायचे. परगावी जायचं तर आधी कळवा, कुठे जाता ते सांगा. तो सर्वोच्च न्यायालयात गेला. १९६२च्या डिसेंबरमध्ये निकाल लागला. रात्री घरी येऊन उठवणं बेकायदा ठरलं. बाकीची पाळत मात्र चालेल, खाजगीपणा नावाचा हक्क राज्यघटनेत नाही, असं बहुमतानं म्हटलं. न्या. सुब्बा राव यांनी वेगळं लिहिलं, न्या. शहा त्यांच्या बाजूनं उभे राहिले. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: ज्याच्यावर पाळत आहे तो शरीरानं कुठेही जाऊ शकेल, पण मोकळेपणानं जाऊ शकणार नाही, कारण त्याची प्रत्येक हालचाल कुणीतरी बघून टिपून ठेवतं आहे, आणि त्या सावलीखाली मनात संकोच उगवल्याशिवाय राहत नाही. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ते दरोड्याच्या संशयितांबद्दलचं, दूरचं वाटलं होतं. ती तसबीर आत गेलेली पाहिली आणि त्याच ओळी मनात पुन्हा उघडल्या. काकीला कुणी अडवलं नव्हतं. ती आजही राजांगणात जाऊ शकते, जातेही. पण पूर्वी होती तशी ती तिथे आता नसते.

गोव्याला पाळत नवी नाही. आजोबा सांगायचे, पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या काळात छापखान्यातून बाहेर पडणारी प्रत्येक ओळ सेन्सॉरच्या नजरेखालून जायची, लग्नपत्रिकासुद्धा सुटत नसे. अमुकची कन्या तमुकचे चिरंजीव यांच्यात सरकारला काय शोधायचं होतं, देव जाणे. पण शोधण्याचा हक्क आपल्याला आहे, एवढं रोजच्या रोज लोकांच्या मनावर ठसवायचं होतं. ते बोलताना आजोबा नकळत आवाज खाली आणत. १९६१ साली गोवा मुक्त होऊन पुष्कळ वर्षं झाली होती, तरी ती सवय त्यांच्या गळ्यातून गेली नाही. आजीला ते खटकायचं. "आता कुणाला भिता?" असं ती मुद्दाम मोठ्यानं विचारायची, आणि आजोबा खिडकीकडे बघत गप्प राहायचे. त्या वयात मला ते नुसतं म्हातारपण वाटे.

आणि गाव? गावाला डोळे होतेच. वाड्यावर कोण कुणाकडे गेलं, कुणाच्या चुलीवर आज मासळी नाही, कुणाच्या मुलीला आलेलं पाकीट जाड होतं, सगळं सगळ्यांना ठाऊक. फोन सबंध वाड्यात एक, दुकानात, पोत्यांच्या मागे. तिथे जाऊन बोलणं म्हणजे अर्ध्या गावाला सांगणं. 'पूर्वी किती मोकळं होतं' असं कुणी म्हणालं तर मला ते पटत नाही, कारण ते डोळे कुणाकुणावर रोखलेले असत ते मी पाहिलं आहे. आमच्या शाळेत एक तरुण बाई शिकवायला आल्या होत्या, एकट्या राहायच्या. त्यांच्या दाराशी कुणाची सायकल किती वेळ होती यावर दुकानात चर्चा चाले. बाई वर्ष संपायच्या आत बदली घेऊन गेल्या. शेजारच्या विधवा आत्येनं एकदा रंगीत बांगड्या घातल्या तर त्याची कुजबुज शिगम्यापर्यंत पुरली. ती नजर क्रूर होती, आणि ती बहुतेक बायकांवरच असे. तरीही एक गोष्ट त्या नजरेत होती, जी खांबावरच्या डोळ्यात मला सापडत नाही. बघणारा कोण ते कळत असे. तो आपल्यालाही दिसत असे. ती आत्ये एके दिवशी दुकानासमोर उभी राहिली आणि सगळ्यांदेखत विचारती झाली, "माझ्या हातांकडे काय बघता रे?" त्यानंतर कुजबुज थांबली नाही, पण खालच्या आवाजात गेली. कॅमेऱ्यासमोर उभं राहून असं कुणाला विचारणार? विचारलंच तर तो प्रश्नही चित्रण होऊन कुठल्याशा परदेशी सर्व्हरवर पडून राहील, आणि विसरलाही जाणार नाही.

आमच्या घराच्या दर्शनी खिडक्यांना शिंपल्यांची तावदानं आहेत, जुन्या गोव्यातल्या घरांना असत तशी. पातळ, चपटे शिंपले कापून लाकडी चौकटीत बसवलेले. दुपारचं ऊन त्यांतून आलं की खोलीत दुधासारखा उजेड पडतो. बाहेरून मात्र आतलं काही दिसत नाही, फार तर एखादी सावली सरकलेली कळते. लहानपणी त्यांना बोट लावायची बंदी होती, कारण एक जरी तडकला तर तसा शिंपला कापून बसवणारा कारागीर मिळणं तेव्हाही कठीण होतं. घर बांधणाऱ्या माणसांनी उजेडाची गरज आणि आतल्या माणसाची गरज या दोन्हींचा एकाच वेळी विचार केला होता. सुहासच्या कॅमेऱ्याबद्दल माझी तक्रार नेमकी एवढीच आहे, की तो लावताना एकीच्या गरजेचा विचार झाला आणि दुसरीचा राहून गेला.

मग मी माझ्या जुन्या सवयीनं कायदा बघायला बसले. २४ ऑगस्ट २०१७ हा दिवस मला लख्ख आठवतो, कारण दुसऱ्या दिवशी चवथ होती आणि कार्यालयात निम्मी माणसं सुट्टीवर होती. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी त्या दिवशी एकमतानं सांगितलं की खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे, जगण्याच्या आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या २१व्या अनुच्छेदातच तो आहे. न्या. पुट्टस्वामी हे कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती. म्हातारपणी आधार कार्डाच्या योजनेविरुद्ध याचिका घेऊन गेले, त्यातून हे निघालं. खरकसिंगच्या निकालातलं 'असा हक्क नाही' हे वाक्य पुसायला पंचावन्न वर्षं लागली. सुब्बा राव तोवर हयात नव्हते. त्या संध्याकाळी मी माटोळी बांधायला गेले तेव्हा मनात खरोखरीचा आनंद होता.

पण तो हक्क मुख्यतः सरकारविरुद्धचा. आपल्याच माणसाविरुद्ध तो कसा वापरायचा? २०२३च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानं बहुमतानं म्हटलं की १९ आणि २१ या अनुच्छेदांतले हक्क सरकारखेरीज इतरांविरुद्धही मागता येतात. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्याचे नियम यायला २०२५चा नोव्हेंबर उजाडला, आणि तेही टप्प्याटप्प्यानं लागू व्हायचे आहेत. मोठ्या आशेनं मी तो कायदा उघडला. सुरुवातीलाच अपवाद आहे: एखाद्या व्यक्तीनं वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी माहिती वापरली तर हा कायदा लागू नाही. कंपनीला अडीचशे कोटींपर्यंत दंड होऊ शकतो, पण राजांगणातला कॅमेरा त्याच्या बाहेर. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६ई कलम संमतीशिवाय खाजगी अवयवांचं चित्र टिपणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा सांगतं. भारतीय न्याय संहितेचं ७७वं कलम बाईला खाजगी कृतीत चोरून बघणाऱ्याला गुन्हेगार ठरवतं. ही कलमं हवीतच, त्यांच्यामागे कितीतरी बायकांचं दुःख आहे. पण काकीची दुपारची झोप त्यांत बसत नाही. तसबिरीशी बोलणं तर कुठल्याच कलमात नाही. आणि सुहासला मी गुन्हेगार म्हणणार नाही, काकीही म्हणणार नाही.

सापडला तो कलकत्त्याचा एक निकाल. दोन भाऊ, एकच घर, आणि त्यातल्या एकानं राहत्या भागात दुसऱ्याच्या संमतीशिवाय लावलेले कॅमेरे. २०२५च्या फेब्रुवारीत कलकत्ता उच्च न्यायालयानं सांगितलं की एकत्र राहणाऱ्याच्या संमतीवाचून हे चालणार नाही, त्यानं त्याच्या खाजगीपणाच्या हक्काचा भंग होतो. मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं त्यात हात घालायला नकार दिला. तो वाचताना आमचंच घर डोळ्यांपुढे येत होतं. आणि गोव्यात तर मुद्दा आणखी पक्का. १८६७च्या पुर्तुगीज नागरी संहितेपासून चालत आलेल्या आमच्या कायद्यात, वेगळा करार केलेला नसेल तर लग्नाबरोबरच नवराबायकोची मालमत्ता दोघांची होते आणि नवरा गेला तरी बायकोचा अर्धा वाटा तिचाच राहतो. म्हणजे काकांच्या वाट्याला येणाऱ्या घराची अर्धी मालकीण काकी आहे. देशातल्या कितीतरी बायकांना न मिळालेला हा हक्क तिला विनासायास मिळाला, त्याचा आम्ही गोंयकार अभिमान बाळगतो. घर विकायचं ठरलं तर तिची सही घेतल्यावाचून एक कौल हलणार नाही. मग त्याच घरात तिच्यावर चोवीस तास डोळा बसवताना तिची सही का लागत नाही?

हा प्रश्न घराच्या उंबऱ्याशी थांबत नाही. गोवा तर सगळ्यांच्या फोनात कायम उघडा आहे. पर्र्याच्या माडांच्या रस्त्यावर छायाचित्रं काढणाऱ्यांची झुंबड उडाली तेव्हा २०१९ साली पंचायतीनं पैसे आकारून बघितले. देशभर ओरड झाली आणि ते मागे पडलं. पणजीच्या फोंतेन्हासमध्ये लोकांनी भिंतींवर 'इथे छायाचित्र काढू नका' अशा पाट्या लावल्या आहेत, कारण सकाळी दार उघडलं की पायरीवर कुणीतरी पोझ घेऊन बसलेलं असतं. त्या पाटीलाच टेकून छायाचित्र काढून घेणारी जोडपी मी पाहिली आहेत. २०२३च्या जानेवारीत पर्यटन खात्यानं सूचनापत्रक काढलं: समुद्रात पोहणाऱ्या, उन्हात पहुडलेल्या अनोळखी माणसांची छायाचित्रं त्यांच्या परवानगीशिवाय काढू नका. सूचना चांगली, पण ती पाहुण्यांच्या बाजूची. आमच्या तळीवर कपडे धुणाऱ्या बाईचं, देवळाच्या पायरीवर फुलं विकणाऱ्या म्हातारीचं काय? 'गोव्याचं न पाहिलेलं गाव' म्हणून जी रील फिरते त्यात ती पाच सेकंद दिसते. ते गाव तिनं रोज पाहिलेलं असतं.

२०१५ साली कांदोळीतल्या कपड्यांच्या एका दुकानात, कपडे बदलायच्या खोलीकडे रोखलेला कॅमेरा तेव्हाच्या एका केंद्रीय मंत्रीबाईंच्या लक्षात आला आणि देशभर गदारोळ झाला. त्यांच्या जागी आमच्या वाड्यावरची एखादी मुलगी असती तर तिचं कुणी ऐकलं असतं का, हा विचार तेव्हा मनात आला तो अजून गेलेला नाही. आणि न्यायालयांनाही हे कधी कधी सांगावं लागतं. २०२१च्या मे महिन्यात म्हापशाच्या न्यायालयातून लैंगिक अत्याचाराच्या एका गाजलेल्या खटल्याचं निकालपत्र आलं. त्यात तक्रारदार बाईची ओळख पटेल असे तपशील होते. अशी ओळख उघड करणं कायद्यानं गुन्हा. शेवटी उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाला, ते उल्लेख वगळूनच निकाल संकेतस्थळावर टाका, असा आदेश द्यावा लागला. निकालाबद्दल मी इथे बोलत नाही. त्या बाईची ओळख सांगणारं ते पान संगणकाच्या पडद्यावर उघडणाऱ्या कारकुनाच्या जागी मी स्वतःला ठेवून बघते, आणि माझे हात थिजतात.

कॅमेरे नकोतच असं म्हणणारी मी नाही. जिथे ते खरोखर हवेत तिथे ते लागत नाहीत, याचा मला संताप येतो. २०२०च्या डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानं देशातल्या प्रत्येक पोलीस ठाण्यात कॅमेरे बसवायला सांगितलं, फाटकापासून कोठडीपर्यंत एकही कोपरा सुटू नये, आणि चित्रण शक्यतो अठरा महिने, निदान वर्षभर तरी जपावं. कारण कोठडीत माणसं मार खातात, मरतात, आणि नंतर सांगायला कुणी नसतं. २०२५ साली, बंद पडलेल्या कॅमेऱ्यांची दखल त्याच न्यायालयाला पुन्हा आपणहून घ्यावी लागली. ज्याच्या हातात काठी आहे त्याच्यावरचा कॅमेरा बंद पडतो. म्हातारीच्या झोपेवरचा मात्र चालूच राहतो, पाऊस असो की वीज जावो, त्याला बॅटरीही आहे.

सुहासशी मी बोलले. भांडायचं नाही असं ठरवून बोलले. त्यानं शांतपणे ऐकलं आणि एकच विचारलं, "अक्का, उद्या माई परत पडली तर?" याला माझ्यापाशी पुरं उत्तर नव्हतं, आजही नाही. मग मी माईला वेगळं बसवून विचारलं, तुला तो कॅमेरा हवा आहे का? मला वाटलं होतं, काकीसारखा तिलाही तो नकोसाच असेल. माई म्हणाली, "हवा. तो बघतो म्हणून मी सकाळी उठून वेणी घालते. नाहीतर कुणासाठी घालू?" एका छपराखाली दोन म्हाताऱ्या, आणि ज्या डोळ्यानं एकीची दुपार हिरावून घेतली त्याच डोळ्यानं दुसरीला सकाळ दिली. म्हणूनच प्रत्येकीला वेगवेगळं विचारायला हवं. घरातल्या सगळ्यांच्या वतीनं एकानं ठरवून चालत नाही, मग ते कितीही मायेपोटी असो. न्हाणीच्या वाटेवरचा कॅमेरा दोघींच्या संमतीनं राहिला. राजांगणातला काढून माईच्या खोलीत, तिच्या पलंगाकडे तोंड करून लावला. काकीच्या खोलीत हाक मारायची घंटा बसवली, माईच्या उशाशी तिचं बटण. सुहासला हे थोडं लागलं, ते त्याच्या आवाजावरून कळतं. तसबीर अजून आतच आहे.

आता पंचायतीनं गावात कॅमेरे बसवायचं मनावर घेतलं आहे. देऊळ, तिठा, शाळेचं फाटक आणि तळीच्या पायऱ्या. चोऱ्या वाढल्या आहेत, रात्री कुणीतरी कचऱ्याच्या गोण्या आणून टाकतं, दोन्ही खरं. रविवारच्या ग्रामसभेत मी उभी राहिले आणि विचारलं: चित्रणाचा पडदा कुणाच्या खोलीत असेल? किती दिवसांनी ते पुसलं जाईल? कुणाला बघायचं असेल तर त्याची नोंद कुठे होईल? ते बाहेर फुटलं तर जबाबदार कोण? आणि तळीवर बायका अंगावरच्या ओल्या कपड्यांनिशी धुणी धुतात, तिथे कॅमेरा लावायचं त्यांच्यापैकी कुणाला विचारून ठरलं? मागून एकजण म्हणाला, "लपवण्यासारखं काही नसेल तर भ्यायचं कशाला?" मी मागे वळून त्याला सांगितलं, की तू घरी दार लावून जेवतोस, तेव्हा ताटात चोरीचं असतं म्हणून लावतोस का? सभा हसली, तोही हसला. पण मला त्या हसण्यावर विषय संपवायचा नव्हता, म्हणून सगळे प्रश्न लिहून सचिवांकडे दिले आणि पोच घेतली. तळीच्या पायऱ्या यादीतून काढल्याचं कळलं आहे. शाळेच्या फाटकावरचा कॅमेरा लागणार आहे. मुलींची ये-जा तिथूनच असते, आणि ते चित्रण कोण बघणार याचं उत्तर अजून आलेलं नाही. ते तोंडी नको, लेखी हवं, असं मी पुन्हा कळवलं आहे.